हळदीचे कपडे साबण लावताच लाल होतात: असं का होतं आणि मग काय करायचं

लग्नसराई सुरू झाली की ओळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. हळदीत माखलेला पांढरा सदरा किंवा टॉवेल बादलीत भिजत घातला, वरून साबणाची पावडर टाकली आणि बघता बघता पाणी लालभडक झालं. आता काय करायचं? कुणाला वाटतं दुसऱ्या कपड्याचा रंग सुटला, कुणाला वाटतं पावडरच खराब निघाली, आणि कुणाला कापलं-बिपलं तर नाही ना, ही शंका तर सगळ्यात आधी येते. उत्तर आधीच सांगून टाकते. ते रक्त नाही, कुठल्या कपड्याचा रंग गेलेला नाही आणि सदरा वायाही गेलेला नाही. हळदीला साबण लागला की ती लाल होते, इतकंच. कपडे खराब होतात ते पुढच्या पाच मिनिटांत, घाबरून जे काही त्यावर ओतलं जातं त्यामुळे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कुठे कुठे दिसतं

हळदीचा कार्यक्रम हे सगळ्यात मोठं निमित्त. आधी नवऱ्या मुलाला हळद लागते, मग उष्टी हळद नवरीकडे जाते आणि मधल्या मध्ये करवल्या, माम्या, मावश्या सगळ्या पिवळ्या होतात. त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी धुण्याचा ढीग पडतो आणि मोरीत लाल पाणी वाहू लागतं.

दुसरं निमित्त जेजुरीचं. सोमवती अमावास्येला किंवा चंपाषष्ठीला गडावर जाऊन आलेल्या माणसाचे कपडे, पिशवी, चपला, केस, सगळं भंडाऱ्याने भरलेलं असतं. घरी येऊन अंघोळीला बसलं आणि डोक्याला साबण लावला की अंगावरून लाल ओघळ येतात. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसलं तर त्याचा जीव खाली-वर होणारच.

रोजच्या घरातही हे होतं, फक्त थोडक्यात. वरणाचं पातेलं घासताना घासणी तांबूस होते. लोणच्याचा मसाला कालवून झाल्यावर साबणाने हात धुतले की नखांच्या कडा लाल दिसतात. मुंग्या येऊ नयेत म्हणून उंबऱ्याला किंवा ओट्याच्या कडेला हळदीची रेघ ओढलेली असते, आणि कामाच्या ताई साबणाच्या पाण्याने तिथे पोछा मारतात. सगळ्या फरशीवर लाल फराटे उमटतात आणि ताई बिचाऱ्या आधी स्वतःचा तळपाय उचलून बघतात, काच तर लागली नाही ना म्हणून.

भिंतीची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. भिंतीला नुकताच चुना दिलेला असेल किंवा गिलावा ताजा असेल आणि हळदीचा ओला हात तिथे टेकला, तर साबण नसतानाही तो ठसा लाल होतो. पाच बोटांचा लाल पंजा! लग्नाआधी घराला चुना देण्याची पद्धत खेड्यात अजून आहे, त्यामुळे हे तिथे जास्त दिसतं. त्यावरून नको नको ते बोललं जातं, नजर लागली, अपशकुन झाला इथपर्यंत. नवी सून घरात येण्याच्या दिवशी असं काही तिच्या कानावर पडणं फार वाईट. चुना आणि हळद एकत्र आली, यापलीकडे त्यात काही नाही.

एक पाहिलेला प्रसंग

मावशीच्या घरी मुलीची हळद होती. कार्यक्रम गच्चीवर झाला, सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या आणि ओले पंचे, टॉवेल, चादरी एका मोठ्या टबात साबण घालून भिजत टाकल्या. थोड्या वेळाने टब गॅलरीतल्या मोरीत रिकामा केला. त्या मोरीचा पाइप खालच्या मजल्यावरच्या काकांच्या गॅलरीशेजारून उतरतो आणि एका जोडावर थोडा गळतो.

दोन मिनिटांत काका वर. एका हातात कापसाची गुंडाळी, दुसऱ्या हातात पट्ट्या आणि जंतुनाशकाची बाटली. “अहो वहिनी, कोणाला लागलंय? पाइपातून नुसतं लाल पाणी येतंय!”

दार उघडलं ते नवरीनेच, कानामागे अजून हळद. “काका, हळद आहे हो ती.”

“हळद पिवळी असते, बाळ. लपवू नकोस. कोणाला लागलंय ते सांग.”

त्यांना समजावून काही उपयोग नव्हता, कारण माणूस मनापासून काळजीत होता. मावशी आत गेली, टबातलं उरलेलं लाल पाणी काचेच्या पेल्यात घेऊन आली आणि त्यांच्यासमोर त्यात अर्धं लिंबू पिळलं. लिंबाचा रस जिथे पडला तिथून पिवळी धार खाली उतरली, पेला जरा हलवला आणि सगळं पाणी पिवळं झालं. काकांनी पेला उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, “अजून एक पेला आणा, मी पिळून बघतो.” त्यांनी स्वतः पिळलं तेव्हा कुठे खात्री पटली. नंतर ते जेवायलाच थांबले, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो प्रयोग करून दाखवत होते. लिंबं संपली.

खात्री करायची ती अशी

मावशीने केलं तेच घरोघरी करता येतं. लाल झालेल्या कपड्याचा एक कोपरा घ्या आणि त्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका. हळद असेल तर त्या थेंबाखाली ताबडतोब पिवळा ठिपका उमटतो. तो हळूहळू पसरतो आणि पिवळा भाग जिथे संपतो तिथे केशरी कड दिसते. साबण भरपूर असेल तर दोन थेंब पुरत नाहीत, आणखी थोडा रस लागतो. लिंबू नसेल तर व्हिनेगर चालतं.

रक्त असं पिवळं होत नाही. शिवाय रक्त वाळलं की तपकिरी, जवळजवळ काळं पडतं. कापडाचा सुटलेला लाल रंगही लिंबाने असा पिवळा होत नाही.

कुंकू मात्र घोटाळा करतं, कारण हळदीच्या ताटात तेही असतं. पारंपरिक कुंकू हळदीपासूनच बनतं, पण टाकणखार आणि लिंबाचा रस घालून. टाकणखारातला बोरॉन हळदीच्या रंगद्रव्याला असा काही धरून ठेवतो की आंबट पदार्थानेही तो लाल रंग सहसा मागे फिरत नाही. बाजारातलं बरंचसं कुंकू तर आता कृत्रिम रंगाचंच असतं. त्यामुळे लिंबू टाकूनही डाग लालच राहिला, तर तिथे कुंकू सांडलंय का, की शेजारी लाल ओढणी भिजत होती, ते बघा. हळदीसाठी पुढे दिलेले उपाय त्या डागाला लागू पडतीलच असं नाही.

असं होतं कशामुळे

हळदीचा पिवळेपणा ज्यातून येतो त्या द्रव्याचं नाव करक्युमिन. 1815 साली वोगेल आणि पेलेटिये या दोघांनी ते हळदीपासून प्रथम वेगळं काढलं. वाळलेल्या हळदीत ते साधारण 2 ते 6 टक्के असतं. विदर्भातली वायगावची हळद, जिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ती याच्या जास्त प्रमाणासाठी ओळखली जाते. हळद जितकी चांगली तितकं हे पाणी अधिक लाल, हे लक्षात असू द्या.

हे करक्युमिन आंबट किंवा साध्या पाण्यात पिवळं राहतं. पाणी आम्लारीकडे झुकलं, म्हणजे त्याचा सामू, आपण ज्याला पीएच म्हणतो तो, साडेसातच्या पुढे सरकला की ते केशरी होऊ लागतं आणि साडेआठ ओलांडल्यावर लाल. अंगाच्या साबणाच्या पाण्याचा सामू 9 ते 10 असतो. कपड्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, त्यामुळे तिचं पाणी त्याहूनही पुढे जातं. खाण्याच्या सोड्याने हळद केशरी-तपकिरी होते, पण धुण्याच्या सोड्याने लालभडक, तेही याचमुळे. चुना आणि ताजं सिमेंट तर फारच तीव्र. शाळेत विज्ञानाच्या तासाला नैसर्गिक दर्शक म्हणून हळदीचा कागद करतात, तो हाच प्रयोग. प्रयोगशाळांतही हळदीचा कागद फार पूर्वीपासून वापरात आहे.

आणि खरं सांगायचं तर आपल्या घरात हे सगळ्यांनी आधीच पाहिलेलं असतं. मुका मार लागला, पाय मुरगळला की आजी हळद आणि चुना एकत्र गरम करून लेप लावते. तो लेप कालवता कालवता लाल होतो आणि त्याचं कुणालाही काही वाटत नाही. तीच हळद बादलीत लाल झाली की मात्र आपण दचकतो.

दर धुण्याला पुन्हा पुन्हा लाल का होतं

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. एकदा धुतलं, वाळवलं, कपडा फिकट पिवळा दिसला, आठवड्याने परत साबण लावला आणि परत लाल. याचा अर्थ एवढाच की धाग्यांत अजून हळद शिल्लक आहे. करक्युमिन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात छान विरघळतं, आणि सुती धाग्याला तर तुरटी वगैरे काही न लावताही चिकटून बसतं. हळद रंगाईसाठी वापरली जाते ती उगाच नाही. शिवाय लग्नातली हळद तेलात किंवा दुधात कालवलेली असते, त्यामुळे ती आणखी आत मुरते. प्रत्येक धुण्यात थोडी निघते, थोडी राहते. लाली दर खेपेला फिकी होत जात असेल तर तुमचं काम नीट चाललंय असं समजा.

कपडा वाळल्यावरही गुलाबी दिसत असेल तर त्यात साबण राहिलेला आहे. बोअरच्या जड पाण्यात हे फार होतं, साबण नीट निघतच नाही. स्वच्छ पाण्यातून दोन-तीनदा चांगला खळबळून काढा, गुलाबी जाऊन पिवळा येईल. हा पिवळाच खरा डाग. गुलाबीशी भांडत बसू नका.

डाग काढायचा कसा

पाणी लावण्याआधी कोरडी हळद झटका. भंडाऱ्याच्या कपड्यांना हे फार महत्त्वाचं आहे. बाहेर अंगणात किंवा गच्चीवर नेऊन, उलटे करून, खिसे बाहेर काढून झटका. खिशात आणि शिवणीत मूठभर भंडारा निघतो. ही पायरी गाळून सरळ बादलीत घातलं की ती सगळी पूड पाण्यातून कापडभर पसरते.

मग नुसत्या साध्या पाण्यातून काढा, गरम नको. हळद तेलातली असेल तर आता डागावर भांड्याचा लिक्विड साबण लावून हलक्या हाताने पसरवा आणि थोडा वेळ राहू द्या. तेल सुटलं की हळदीची पकड ढिली होते.

त्यानंतर कपड्याची पावडर. आता सगळं लाल होईल, आणि होऊ द्या. जी गोष्ट पाहून सगळे घाबरतात तीच इथे कामाची आहे. लाल अवस्थेत करक्युमिन पाण्यात जास्त विरघळतं आणि त्या तीव्र पाण्यात ते मोडायलाही लागतं. म्हणून कपडा लाल असतानाच पिळा, पाणी बदला, परत साबण लावा, परत पिळा. लाल पाणी जितकं वाहून जाईल तितकी हळद गेली. लाली बघून घाईघाईने अख्ख्या कपड्यावर लिंबू पिळलं तर रंग पिवळा होतो आणि जिवाला बरं वाटतं, पण तेव्हा हळद पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात येते आणि धाग्यातच बसून राहते. लिंबू परीक्षेपुरतं ठेवा, कोपऱ्यावर दोन थेंब. “लिंबू चोळून उन्हात टाका” हा सल्ला घरोघरी दिला जातो, आणि तो लागू पडतो तो उन्हामुळे.

हे धुणं बाकीच्या कपड्यांपासून वेगळं करा. मशीनमध्ये सगळ्यांबरोबर घातलं असेल आणि शेजारचे बनियन, उशांचे अभ्रे पिवळट किंवा गुलाबी निघाले असतील तरी हळहळू नका. त्यांनाही हेच करा, त्यांचा डाग तर वरवरचाच असतो.

ऊन

सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे. करक्युमिनला उजेड सोसत नाही. धुतलेला कपडा ओलसर असतानाच, डाग वरच्या बाजूला येईल असा, थेट उन्हात घाला. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात फिका डाग एका दिवसात दिसेनासा होतो. दाट असेल तर परत ओला करून परत घाला, दोन-चार दिवस लागतील. दोरीवर दुमडून टाकलेला कपडा घडीच्या जागी पिवळाच राहतो, म्हणून पसरून घाला आणि मधून बाजू पालटा. पावसाळ्यात खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उजेडानेही काम होतं, वेळ जास्त लागतो इतकंच.

रंगीत कपड्यांना मात्र जपून. ऊन हळदीबरोबर मूळ रंगही नेतं. गडद कपडा असेल तर उलटा करून, थोडा थोडा वेळ घाला आणि पाहत राहा.

डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, ड्रायरमध्येही घालू नका. उष्णतेने डाग मुरतो आणि मग ऊनही थकतं.

हे कृपा करून करू नका

ब्लीच आणि लिंबू, किंवा ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो छातीत गेला तर खरोखर दवाखाना गाठावा लागतो. लाल पाणी पाहून घाबरलेलं माणूस हाताला येईल ते एकावर एक ओततं, आणि या सगळ्या प्रकारात खरा धोका आहे तो इथे. माझी कळकळ आहे ती याच एका गोष्टीसाठी. चुकून मिसळलंच तर तिथेच थांबून साफ करत बसू नका. आधी बाहेर या, दारं-खिडक्या उघडा.

ब्लीच वापरायचंच असेल तर फक्त पांढऱ्या सुती कपड्यावर, भरपूर पाण्यात पातळ करून, साबण आणि इतर सगळं धुऊन काढल्यावर. ब्लीच स्वतः आम्लारी असतं, त्यामुळे डाग आधी आणखी लाल दिसेल आणि मग उतरेल. रेशीम आणि लोकर यांना ब्लीच अजिबात नको, त्यांचा धागाच खातं ते.

फरशीवर लाल फराटे उमटले असतील तर लिंबू तिथे चोळू नका. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. आंबट पडलं की त्यांची चकाकी जाते आणि पांढुरका चट्टा कायमचा राहतो. लिंबाची परीक्षा पुसलेल्या फडक्यावर करा. फरशी साबणाने पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा पुसा, लाली निघून जाते. चुन्याच्या भिंतीवरचा पंजा घासू नका, चुना निघून येईल. ऊन येत असेल तर तो हळूहळू फिका पडतो, आणि घाई असेल तर वरून चुन्याचा हात द्यावा. तो एकदा-दोनदा लाल उमटेल, पुढच्या हाताला झाकला जाईल.

प्लॅस्टिकचे डबे आणि मिक्सरचं झाकण पिवळं पडलं असेल तर तेही धुऊन, उघडं करून, उन्हात ठेवा. घासणीने घासून ओरखडे पाडले तर त्यात पुढची हळद अजून लवकर बसते.

भंडाऱ्याबद्दल एक वेगळी गोष्ट

भंडाऱ्यात भेसळ असते, अंगाला खाज सुटते, अशा तक्रारी होतात. साबणाची परीक्षा इथे उलट्या बाजूने उपयोगी पडते. चिमूटभर भंडारा साबणाच्या पाण्यात टाका. त्यात हळद असेल तर पाणी लालसर होईल. पिवळंधमक राहिलं तर ती पूड हळदीची नाही, ती अंगाला लावू नका आणि तोंडात तर मुळीच घालू नका. पाणी लाल झालं म्हणजे हळद शंभर टक्के शुद्ध, असं मात्र यातून ठरत नाही. त्यात दुसरं काही मिसळलेलं असू शकतं. मेटॅनिल यलोसारखा घातक रंग ओळखायला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, ते काम प्रयोगशाळेचं.

पैठणी, सोवळं आणि इतर रेशीम

रेशमावर यातलं काहीही घरी करू नका. कोरडी हळद मऊ ब्रशने झटका, डागाला पाणी लावू नका आणि साबण तर नाहीच. ड्रायक्लीनरकडे देताना “पिवळा डाग आहे” असं म्हणून सोडू नका. हळद आहे, तेलातली होती की दुधातली, आणि लागून किती दिवस झाले, हे स्पष्ट सांगा. घरी आधी काही लावून पाहिलं असेल तर तेही सांगा, कारण त्यावरून तो कुठलं द्रावण वापरायचं ते ठरवतो. जरीजवळचा डाग बोट ठेवून दाखवा आणि पावतीवर लिहून घ्या.